जळगावात राहतो, स्विफ्टला बाहेरचं (कंपनीचं नसलेलं) एअर इनटेक, म्हणजे इंजिनला हवा पुरवणारा भाग, बसवायचंय. कोणतं घेऊ?

उघडा कोन फिल्टर, म्हणजे डब्याविना बसणारा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, अजिबात घेऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45च्या आसपास जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. उघडा फिल्टर तीच गरम, विरळ हवा ओढतो. आवाज वाढतो, ताकद उलट घटते. कंपनीचा फिल्टरचा डबा तसाच ठेवा, त्यातच बसणारा चपटा पॅनल फिल्टर घ्या. त्यानेही ताकदीत फारसा फरक पडणार नाही, हे आधीच सांगतो. बसवल्यावर रबरी कड चारही बाजूंनी दबली का, ते बोट फिरवून बघाच. रावेर-यावलकडच्या शेतरस्त्यांची धूळ न दबलेल्या कडेच्या फटीतून शिरली की इंजिनातल्या पिस्टन रिंगा घासल्या जातात. धुवायचा कापडी फिल्टर असेल तर तेल बेतानंच लावा.