शटलपुढची अदृश्य भिंत : वाचकांचे प्रश्न

बॅडमिंटनमध्ये स्मॅश (वरून खाली मारलेला जोरदार फटका) सुटताना शटल दिसतही नाही, पण समोर पोचेपर्यंत पार मंदावतं. असं का? (एक विद्यार्थी, खानापूर)

शटलचं वजन जेमतेम 5 ग्रॅम आणि पिसांचा घेर मात्र सहा सेंटिमीटर रुंद. उंचावरून सोडलं तर ते ताशी 24 किलोमीटरच्या आसपास स्थिरावतं. तिथे हवेचा विरोध त्याच्या वजनाइतका होतो. वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट होतो. म्हणजे ताशी 240 च्या स्मॅशला, वेग दहापट म्हणून, विरोध शंभरपट! पाच ग्रॅमच्या जिवाला हवा अर्ध्या किलोच्या जोराने मागे रेटते. त्यामुळे साधारण दर सव्वातीन मीटरला वेग निम्मा होत जातो. आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डी या बॅडमिंटनपटूचा 2023 चा स्मॅशचा विक्रम ताशी 565 किलोमीटरचा आहे, पण तो रॅकेटवरून सुटतानाचा वेग. या हिशेबाने दहा मीटरवर उरतात सत्तरेक.

नुसता दंड कमावणाऱ्या मुलांना मी म्हणूनच 1980 साली ऑल इंग्लंड ही मानाची बॅडमिंटन स्पर्धा जिंकणाऱ्या प्रकाश पदुकोण यांचा खेळ बघायला सांगतो. जोर हवा खाऊन टाकते, अचूक जागा खात नाही.

आम्ही बेळगावात खेळतो. पणजीला सामन्याला गेलो की आमचे टॉस (मागच्या रेषेपर्यंत उंच मारलेले फटके) आखूड पडतात. शटल खराब की हात? (एक खेळाडू, अनगोळ)

दोन्ही चांगले आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच. इथली हवा सात टक्क्यांच्या आसपास विरळ, म्हणून शटल पुढे जातं. घाट उतरलात की हवा दाट होते. गोव्यातल्या उष्म्याने ती थोडी पातळ होते खरी, पण पूर्ण भरपाई होत नाही.

डब्यावरचा 76, 77, 78 हा आकडा बघत चला. आकडा मोठा तसं शटल वेगवान, आणि एका आकड्याने फुटाभराचा फरक पडतो. इथे 76 ची सवय असेल तर तिथे 77 घ्या. खात्री हवी तर मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने शटल मारा. समोरच्या मागच्या रेषेच्या 53 ते 99 सेंटिमीटर अलीकडे पडलं तर वेग योग्य. सामन्याआधी ही दोन मिनिटं कुणीच काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलगा शटलचा डबा चहाच्या वाफेवर धरतो. हे बरोबर आहे का? (एक आई, टिळकवाडी)

अगदी बरोबर. पीस आपल्या नखा-केसांसारख्याच केराटिनचं. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत ते ठिसूळ होतं. तुटलेलं शटल हातात घेऊन बघा: सोळा पिसं एकमेकांवर किंचित चढवलेली असतात, त्यामुळे ते गिरक्या घेत सरळ जातं. त्यातलं एक मोडलं की डुलायला लागतं. वाफेने पीस लवचिक होतं. फक्त पिसांच्या बाजूने काही सेकंदच वाफ द्या, बूच ओलं करू नका, आणि रात्रभर ठेवून मग खेळा. पावसाळ्यात याची गरज नाही.

बारा वर्षांच्या मुलाला रॅकेटला 28 पौंडांच्या ताणाचं गटिंग (जाळी) हवंय. करून द्यावं का? (एक वडील, निपाणी)

नको. सैल गटिंग नवारीसारखं दबतं आणि शटलला उसळून परत लोटतं. घट्ट गटिंगमध्ये ताबा मिळतो, पण जोर स्वतःच्या हाताचा लागतो, आणि चुकीच्या जागी बसलेला टोला थेट कोपराला झोंबतो. सध्या 20 ते 22 पौंड पुरे.