क्वांटम संगणकातील नॉइज ओळखण्यासाठी टी१ आणि टी२ मोजले की पुरेसे होते का?

आपण खानापूर तालुक्यातील असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, आणि टी१ व टी२ हे, क्यूबिट (क्वांटम बिट) आपली अवस्था किती काळ टिकवतो ते सांगणारे, दोन आकडे हाती आले की क्वांटम चिपमधील नॉइज, म्हणजे ती अवस्था बिघडवणारा व्यत्यय, कळला असे म्हणावे का, असे विचारले आहे. मी बेळगावात पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या मते तसे म्हणता येणार नाही, कारण नॉइज किती आहे यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे असते.

तरीही सुरुवात याच मोजमापांनी करावी लागते. क्यूबिट १ या अवस्थेत नेऊन, थांबण्याचा काळ वाढवत नेत, पुन्हा पुन्हा मापन केले की तो ० कडे किती वेगाने घसरतो हे दिसते. त्यावरून टी१ निघतो. फेज (० आणि १ या अवस्थांमधील सापेक्ष कोन) किती काळ टिकतो, म्हणजे टी२ किती, हे पाहण्यासाठी दोन अर्ध्या पल्सांच्या (क्यूबिटला ९० अंश फिरवणाऱ्या संकेतांच्या) मध्ये मोकळा काळ सोडतात, यालाच रॅमसे प्रयोग म्हणतात. त्या मोकळ्या काळाच्या मध्यावर एक पूर्ण (१८० अंशांची) पल्स दिली, म्हणजे एर्विन हान यांनी १९५० मध्ये चुंबकीय अनुस्पंदनात दाखवलेला एको प्रयोग केला, तर सावकाश बदलणाऱ्या नॉइजचा परिणाम बहुतांशी पुसला जातो. म्हणून एकोचा काळ रॅमसेपेक्षा बराच मोठा आला, तर दोष कमी वारंवारतेचा आहे असे समजावे. आणि तो टी१ च्या दुपटीजवळ पोहोचला, तर फेजची तक्रार जवळपास संपली, उरला तो ऊर्जेचा ऱ्हास. मधल्या पल्सांची संख्या वाढवत गेल्यास नॉइजचा वर्णपटच, म्हणजे कोणत्या वारंवारतेला तो किती आहे हे, मोजता येतो. मला ही पद्धत फार सुंदर वाटते, कारण येथे क्यूबिट स्वतःच मोजमापाचे उपकरण होतो.

या आकड्यांत न दिसणारा दोष मात्र निराळा आहे. चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याला विचारा: उसाच्या वजनकाट्याचा आकडा थोडा मागेपुढे हलत असेल, तर अनेक खेपांत ती चूक बरीचशी भरून निघते, पण काटा दर खेपेला एकाच बाजूला झुकत असेल, तर नुकसान साचत जाते. गेटचेही, म्हणजे क्यूबिटवर केलेल्या एकेका मूलभूत क्रियेचेही, तसेच आहे. यादृच्छिक गेटमालिकांवर आधारलेले रँडमाइझ्ड बेंचमार्किंग तयारी व मापनातील चुका बाजूला ठेवून सरासरी त्रुटी देते, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याच यादृच्छिकतेमुळे एकाच दिशेची चूक त्या सरासरीत झाकली जाते. ती उघडी पाडायची असेल, तर तोच गेट सलग अनेकदा चालवावा.

शिवाय टी१ स्वतःही तासागणिक बदलू शकतो, त्यामुळे एकदाच घेतलेल्या मोजमापावर विसंबू नये. गूगलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की वैश्विक किरणांच्या आघाताने चिपवरील अनेक क्यूबिट एकाच वेळी बिघडतात. त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र असतात, या त्रुटीसुधारणेच्या गृहीतकालाच त्यामुळे धक्का बसतो.

काही मिलिकेल्विन तापमानाला चालणारी चिप हाताशी नसली, तरी एक गणित साध्या संगणकावर करून पाहा. एक्स गेट (क्यूबिटला १८० अंश फिरवून ० चा १ आणि १ चा ० करणारा) दर वेळी १ अंश जास्त फिरवतो असे धरून तो ९० वेळा चालवा: उत्तर चुकण्याची शक्यता ५० टक्के येते. तोच १ अंश कधी पुढे, कधी मागे असा यादृच्छिक ठेवल्यास ती सरासरीने सुमारे ०.७ टक्केच राहते, जरी एकेका गेटची त्रुटी दोन्हीकडे सारखीच असली तरी.