जुनं इंजिन भंगारात घालू नका

करवीर तालुक्यातल्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. त्यातली अडीच पानं गाडीला कोणता हिरवा रंग द्यावा यावर आहेत. उरलेल्याचा मथितार्थ असा. वडिलांचा विलीज फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक, पहिली नोंदणी १९६६ची, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागं हौदा. एकेकाळी गुऱ्हाळावरून गुळाचे रवे भरून मार्केट यार्डात जायचा. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे. नूतनीकरण शेवटचं कधी झालं, घरात कुणाला आठवत नाही. आता शेडमध्ये गाडी पूर्ण खोलली आहे. एका अपघातग्रस्त पिकअपचं डिझेल इंजिन विकत आणलंय आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातला मिस्त्री माउंटिंग बनवून द्यायला तयार आहे. जोडीला पॉवर स्टिअरिंग, पुढं डिस्क ब्रेक, सहा व्होल्टचं वायरिंग काढून बारा व्होल्टचं, आणि अडकलेली गाडी ओढून काढायची विंच. शेवटी विचारणा: ‘व्हिंटेजचा व्हीए नंबर घ्यायचाय, रविवारी पन्हाळा-गगनबावडा करायचंय, कागद कसे करावेत?’

अशी पत्रं नेहमीच येतात. कधी जीप असते, कधी लष्कराच्या लिलावातली जोंगा, पण क्रम ठरलेला: आधी गाडी खोलायची, मग पैसे संपत आले की वकील आठवायचा.

तुम्ही सात प्रश्न विचारलेत. मला त्यापेक्षा एक ओळ महत्त्वाची वाटली, जी तुम्ही सहज लिहून गेलात: ‘जुनं इंजिन पडून आहे, भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे.’ त्याला नाही म्हणून सांगा. आजच सांगा. त्या लोखंडाच्या ठोकळ्यावर कोरलेला नंबर आरसीत आहे आणि तुमचं पुढचं सगळं त्या नंबरावर अवलंबून आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम ८१-अ आणि त्यापुढचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी असली पाहिजे, एवढं सगळ्यांना पाठ असतं. लोक बोटांवर वर्षं मोजतात आणि खूश होतात. त्याच व्याख्येचा पुढचा भाग मात्र कुणी वाचत नाही. वाहन मूळ रूपात राखलेलं हवं, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार होईल अशी मोठी दुरुस्ती त्यावर झालेली नसावी. पेट्रोल इंजिनाच्या जागी पिकअपचं डिझेल बसलं, की १९६६च्या नोंदणीचा व्हिंटेजसाठी काही उपयोग राहत नाही.

बरं, व्हिंटेजचा नाद सोडला तरी डिझेलचा मार्ग सरळ होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा बजावलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं. तुमचं ना त्या बनावटीचं, ना त्या प्रकारचं, ना त्या इंधनाचं. परवानगी मिळेल असं मला तरी दिसत नाही. ‘सगळे करतात, कोण विचारतंय’ हे मिस्त्रीचं म्हणणं खरं आहे, चेकनाक्यावर कुणी बॉनेट उघडेपर्यंत. कलम १८२-अ(४) प्रमाणे नियमात न बसणाऱ्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक’ हा शब्द पाहा आणि तुमची यादी पाहा.

शिवाय ते डिझेल इंजिन कुणाचं? त्याचाही एक नंबर आहे आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीच्या नोंदीत आहे. त्या पिकअपची नोंदणी रद्द झाली का, विक्रीची पावती कुणी दिली, पत्रात काहीच नाही. कागद नसेल तर ज्यानं दिलं त्यालाच परत द्या, थोडा तोटा सोसून.

जुनं इंजिन उघडून बघायचे कष्ट तुम्ही घेतलेत का, हा माझा उलटा प्रश्न. ब्लॉक बोअर करून नवे पिस्टन-रिंगा घालणं, क्रँक ग्राइंड करून घेणं, व्हॉल्व्ह सीट कापणं, ही माझ्या मते दुरुस्ती आहे, फेरफार नव्हे. नंबर कोरलेला ब्लॉक तोच राहतो. उद्यमनगरपासून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत ओतकाम आणि मशीनिंगची इतकी दुकानं असलेल्या गावात पेट्रोल इंजिन जिवंत होत नसेल, तर ते कुठंच होणार नाही. डिझेल आणण्यात गेलेले पैसे याच कामाला पुरले असते.

आता चेसिस. ग्राइंडर हातात घेण्याआधी चेसिस नंबर कुठं ठोकलाय ते शोधा, भोवती खडूनं चौकट आखा, आणि मिस्त्रीला ती दाखवा. माझ्या एका अशिलानं हौसेनं चेसिस घासून पांढरी केली, मग पुट्टी, मग प्रायमर, मग दोन हात रंग. आरटीओत निरीक्षकानं कागद ठेवून पेन्सिल फिरवली, तर कागदावर आठपैकी तीनच आकडे उमटले. पुढं पोलीस, चोरीचा संशय, गाडी ठाण्याच्या आवारात. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून देऊन, गाडी सुटेपर्यंत दोन पावसाळे गेले आणि हौद्यात गवत उगवलं. ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचल्या हे खरं. पण खालच्या कोर्टातली तारीख अजून तारीखच आहे. त्या वाटेला जाऊ नका.

बाकी यादीवर मी ठाम बोलणार नाही. बारा व्होल्टचं वायरिंग कुणी अडवेल असं वाटत नाही. डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग ‘मूळ रूपा’त बसतात का, हे तपासणारा अधिकारी ठरवेल आणि दोन अधिकारी दोन उत्तरं देतील. म्हणून जे काही बसवाल ते बोल्टवर बसवा, वेल्डिंग करू नका, आणि काढलेला प्रत्येक भाग पोत्यात बांधून नाव लिहून ठेवा. विंचसाठी चेसिसला भोकं पाडायची असतील तर माझं उत्तर नाही असं आहे.

तुम्हाला व्हिंटेज हवंय की रविवारचा पन्हाळा, हेही ठरवा. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीला रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर येता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, आणि इंधन-दुरुस्तीसाठी जाणं-येणं, एवढीच मुभा. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार पाहून पुष्कळांना वाटतं की व्हिंटेज नंबर म्हणजे मोठेपणाचा बिल्ला. तो बिल्ला लावून गगनबावड्याला भजी खायला जाता येत नाही. नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, मग पुनर्नोंदणीला ५ हजार. आणि व्हीए नंबरचा हट्ट कशासाठी? आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. वडिलांचा तीन अक्षरी नंबर टाकून नवा मागणारे तुम्ही पहिलेच भेटलात.

रविवारीच फिरायचं असेल तर साधी पुनर्नोंदणी करा, मूळ पेट्रोल इंजिनासह. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच जाते ही भीती दिल्ली परिसरातल्या बंदीमुळे पसरलीय, कोल्हापूरचा तिच्याशी संबंध नाही. उशिराचं जादा शुल्क आणि पर्यावरण कर मात्र धरून चाला. आकडा आरटीओतूनच कळेल.

एक अडचण दोन्ही वाटांवर येऊ शकते. आरसीत वाहनाचा वर्ग काय लिहिलाय? गूळ वाहायचा म्हणजे मालवाहू अशी नोंद असण्याची शक्यता आहे, आणि गूळ स्वतःचा असला तरी मालवाहू ते मालवाहूच. तसं असेल तर आधी वर्ग बदलून खासगी करून घ्यावा लागेल. अडीच पानं रंगावर लिहिलीत, हा एक रकाना लिहिला असता तर मला नक्की सांगता आलं असतं.

या सगळ्याआधी अर्जावर सही कोण करणार? आज कागदोपत्री मालक तुमचे वडील आहेत. मालक वारल्यापासून तीस दिवसांत वारसानं आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव लावून घ्यायचं, असा नियम आहे. तुम्ही नऊ वर्षं घेतलीत. दार अजून बंद झालेलं नाही, पण आता एकट्याच्या सहीनं उघडणार नाही. आई, भाऊ, बहीण, जे कुणी वारस असतील त्या सगळ्यांची संमती प्रतिज्ञापत्रावर हवी. कुणी अडलं तर आरटीओ वाद सोडवत बसत नाही. मग दिवाणी न्यायालयातून वारस दाखला, आणि त्याला किती वेळ लागतो हे विचारू नका. ‘सक्सेशन आणा’ असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. सक्सेशन सर्टिफिकेट येणी आणि रोख्यांसाठी असतं, ट्रकसाठी नव्हे.

नाव लावण्याबद्दल धाकटा भाऊ ‘बघू नंतर’ म्हणतो असं तुम्ही लिहिलंय, ते तुम्ही फार हलकं घेतलंय. आज शेडमध्ये गंजका सांगाडा आणि चार पोती नट-बोल्ट आहेत, यावर कुणीही चहा पिता पिता सही करेल. रंग लागला, इंजिन सुरू झालं, गल्लीतली पोरं फोटो काढायला लागली, की त्याच सहीला किंमत येईल, आणि तुम्ही घातलेल्या पैशांचा हिशेब वेगळा मागायला तुमच्याकडे एकही कागद नाही. म्हणून प्राइमर मारण्याआधी संमतीपत्र करून घ्या. त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि त्याच जुन्या इंजिनाचा नंबर लिहा, आणि डागडुजीचा खर्च तुमचा आहे हेही.

बहिणीचा उल्लेख तुमच्या पत्रात एकदाच आलाय, तोही ‘ती इचलकरंजीला दिलीय’ एवढाच. तिचा हिस्सा भावाएवढाच आहे, सही तिचीही लागेल. पहिला फोन तिला करा.