घरविमा आणि भिंतीवरची बुरशी

प्रश्न : आमचे घर रत्नागिरीत आहे. दर पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर काळी बुरशी धरते, कपाटामागचे पोपडे सुटतात. घरविम्यातून भरपाई मिळेल का?

उत्तर : बहुधा नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, वादळ, पूर, पाण्याची टाकी वा नळ फुटणे अशा नेमक्या जोखमी दिलेल्या आहेत. दमट हवेने वर्षानुवर्षे मुरलेली ओल त्यांत बसत नाही. भिंतीतला नळ अचानक फुटून गिलावा भिजला, तर मात्र दावा करता येतो. अशा वेळी प्लंबरने हात लावण्यापूर्वीच छायाचित्रे काढावीत, कंपनीला तत्काळ कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत फुटका तुकडा जपून ठेवावा. तूर्त तुम्ही पावसाळ्याआधी बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्यावे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे तरी पुढे ओढावे.