गाडीचा एसी पुरेसा गार करत नाही, गॅस भरून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय, दोन वर्षांपूर्वी गॅस भरला होता, आता एसी परत ढिला पडलाय, गॅस संपला असेल का? गॅस संपत नाही हो. तो काय पेट्रोल आहे जळायला? बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरायचा म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. माझा राग तुमच्यावर नाही. दाजींवर आहे.

मी धुळ्याचा, बहीण धरणगावकडे दिलेली. तीन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी मुराळी म्हणून तिला आणायला गाडी घेऊन गेलो. पारा ४४-४५, तिच्या मांडीवर पाच महिन्यांचं पोर. दाजी म्हणाले मीही येतो धुळ्यापर्यंत, आणि पुढच्या सीटवर बसले. वाटेत रेल्वे फाटक लागलं. दहा मिनिटं उभे होतो, आणि एसीतून चुलीसमोर बसल्यासारखी हवा. बहिणीने पोराच्या अंगावर ओलं फडकं टाकलं. फाटक उघडलं, गाडी पळायला लागली तसं मागून म्हणाली, “भाऊ, गाडी पयस तवय गार लागस, उभी ऱ्हायनी का गरम.”

दाजींनी मागे वळूनही न पाहता सांगितलं, “तुले काय समजस त्यामा? गॅस भरी टाक, काम खतम.”

आता आखाजीला जावई गाडीत बसलेला, त्याला रस्त्यात खोटं कसं पाडायचं? गप्प बसलो. वाटेतल्या त्यांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने गॅसचा दाब मोजायचं घड्याळ लावलंच नाही. एसीच्या पाइपला हात लावला, “गार लागत नाही, गॅस कमी” म्हणाला आणि वरून भरून दिला. पैसे दाजींनी दिले, मला खिशात हातसुद्धा घालू दिला नाही. तेच जास्त महाग पडलं, कारण तो हिशेब अजून चालू आहे.

धुळ्यात शिरलो, ट्रॅफिकमध्ये अडकलो तर कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, टक करून चालू, टक करून बंद. थोड्या वेळाने चालूच होईना. दाब इतका चढला होता की प्रेशर स्विचने त्याला तोडलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या कारागिराकडे नेली. त्याने एकच प्रश्न विचारला: उभी असताना गरम का पळताना पण? म्हणजे बहिणीने जे न विचारता सांगितलं होतं तेच. मग एसी लावून गाडी उभी ठेवली आणि पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या भागावर, बादलीभर पाणी हळूहळू सोडलं. मिनिटभरात आत गारेगार. कंडेन्सरची उष्णता बाहेर निघत नव्हती, एवढंच दुखणं. त्याला वारा घालणारा पंखा फिरतच नव्हता, मोटरचे ब्रश झिजलेले. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा पंख्याचं काम करतो, फाटकात कोण करणार? वर बंपर काढला तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे गोधडीसारखा थर. मी हिवाळाभर गाडी जिनिंगसमोर लावतो, तिथला उडालेला कापूस आणि काळ्या मातीची धूळ. आपल्याकडे ही गोष्ट आधी बघायला हवी, पण गॅस भरणं पाच मिनिटांचं काम आणि बंपर काढणं अर्ध्या दिवसाचं, मग कोण बघतो.

गॅस मशीनने काढून वजन केलं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम, निघाला ६१० ग्रॅम. दाजींचे १६० ग्रॅम. अर्धा तास व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून, बरोबर ४५० भरला, पंख्याची मोटर बदलली. तेव्हापासून हात लावलेला नाही.

गाडी बंद असताना घड्याळ लावून “दाब चांगला आहे” म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. ४४-४५ अंशांत आर-१३४ए गॅसचे दोन्ही काटे १५० पीएसआयच्या आसपास उभे असतातच. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब तेवढाच दाखवतो. गॅस वजनानेच भरायचा.

तुमची गाडी पळतानाही गरमच राहत असेल तर मग गळती बघा. नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग, धूळ चिकटलेली, तिथेच साबणाचं पाणी लावायचं. सुरुवातीला गार आणि तासाभराने हवाच कमी येत असेल तर आत बर्फ धरतोय. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे फिल्टर असतो, तो आधी काढून बघा.

राहिलंच. पंख्याजवळ हात घालू नका, तो अचानक चालू होतो. कंडेन्सर सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नका, पत्र्या वाकतात. काही गाड्यांत पंखा सतत फिरत नाही, म्हणून पाच मिनिटं वाट बघून मगच तो मेला असं ठरवा. आणि काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ गॅस असतो, त्यात जुना आर-१३४ए मिसळायचा नाही.

दाजी अजूनही लग्नाच्या पंगतीत सांगतात, मी गॅस भरून दिला म्हणून याची गाडी टिकली. मागच्या मे महिन्यात त्यांचाच फोन आला, एसी चालत नाही, गॅस भरू का? मी विचारलं, दाजी, उभी असताना गरम का पळताना पण? बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, “थांब, तुन्ही बहीनले इचारस.”