भाऊ नसेल तर भाऊबीजेला कोणाला ओवाळायचं?

चंद्राला. ही काही अलीकडची पळवाट नाही, महाराष्ट्रात कितीतरी घरांत पूर्वीपासून चालत आलेली रीत आहे. आपल्याकडे लहान मुलांचा चांदोमामा, म्हणजेच त्यांच्या आईचा भाऊ! मला हे नातं फार लोभस वाटतं.

माझ्या आईला सख्खा भाऊ नाही. ती दर वर्षी गच्चीवर जाते. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. वारा असतोच, म्हणून मी पदर धरून आडोसा करते. आई आधी अंगठी-सुपारीने ओवाळते, मग निरांजनाने, आणि अक्षता वर उडवते.

एक मात्र लक्षात ठेवा, उशीर करू नका. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला येते, त्यामुळे चंद्राची अगदी बारीक कोर असते आणि सूर्यास्तानंतर साधारण तासाभरात मावळते. दिवेलागणीलाच पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे, क्षितिजालगत बघा. समोर इमारती असतील तर गच्ची गाठावीच लागते. ढग असले तर त्या दिशेला तोंड करून ओवाळा.

याच दिवशी यम बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला अशी कथा आहे, म्हणून हिला यमद्वितीयाही म्हणतात.

चुलतभाऊ, मामेभाऊ, मानलेला भाऊ, कोणालाही ओवाळता येतं. बहिणीने बहिणीला ओवाळलं तरी काही बिघडत नाही, आम्ही दोघी बहिणी तेच करतो.