घरात विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही आहेत; सगळ्यांवर चालेल असा प्रिंटर कोणता घ्यावा?

कंपनीचं नाव नंतर. आधी खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' लिहिलंय का ते बघा. एअरप्रिंट ॲपलने २०१० मध्ये आणलं, पण फायदा सगळ्यांनाच होतो. असा प्रिंटर आयपीपी ही खुली भाषा बोलतो, त्यामुळे लिनक्समधली कप्स ही छपाईची यंत्रणा, विंडोज ११, अँड्रॉइड फोन, सगळे त्याला सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय) ओळखतात.

फक्त यूएसबीवर चालणारे स्वस्त लेझर टाळा. त्यातले बरेचसे पान तयार करायचं काम संगणकावर ढकलतात. ड्रायव्हर मिळेनासा झाला की प्रिंटर अडगळीत. माझ्या जुन्यावर सध्या मनीप्लांट ठेवलाय.

महिन्याला वीस-तीस पानंच काढत असाल तर काळा-पांढरा लेझर घ्या, वाय-फाय आणि जमल्यास लॅनची खाच असलेला. टोनर म्हणजे कोरडी पूड, ती वाळायचा प्रश्नच नाही. आमच्याकडे आधी इंकजेट होता. मे महिन्यात गावाहून परतलो आणि मुलीचं हॉलतिकीट काढलं, तर फोटोच्या जागी नुसते पट्टे! रंगीत पानं नेहमी लागत असतील तरच इंक टँक, म्हणजे बाटलीने शाई भरायचा इंकजेट.

टोनरची किंमत मात्र आधीच विचारा, दुकानदार आपणहून सांगत नाहीत.